वरून बोअर का मारत नाहीत?

2018 च्या जुलै महिन्यात थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत अडकलेल्या मुलांच्या बातम्या रोज टीव्हीवर येत होत्या. तेव्हा आमच्या मराठवाड्यात चहाच्या हॉटेलांपासून शाळेच्या व्हरांड्यापर्यंत दोन प्रश्न ऐकू यायचे. मोटारी लावून पाणी उपसून का टाकत नाहीत? आणि वरून बोअर का मारत नाहीत? विहीर आणि बोअर यांवर ज्यांचं सगळं घर चालतं, त्या माणसांना हेच सुचणार, आणि त्यांना सुचलं ते बरोबरच होतं. थायलंडमधल्या अभियंत्यांनीही हे दोन्ही उपाय करून पाहिले. ते का पुरे पडले नाहीत हे कळलं, की पाण्याने भरलेल्या गुहेतून माणूस बाहेर काढणं इतकं जिवावरचं का असतं तेही कळतं. त्यातला एक धोका तर आपल्या शेतातल्या विहिरीत बसलेला आहे, म्हणून मला हा विषय परदेशातला वाटत नाही.

आपल्याकडे गुहा म्हटलं की वेरूळ, अजिंठा, धाराशिव, खरोसा इथली लेणी डोळ्यांपुढे येतात. ती माणसांनी कोरलेली आहेत. मराठवाड्याचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाच्या खडकाचा, आणि हा काळा पाषाण पाण्यात सहजी विरघळत नाही. लेण्याचं तोंड दरीकडे उघडं असतं. वेरूळला 29 क्रमांकाच्या लेण्याशेजारी पावसाळ्यात धबधबा कोसळतो, पण ते पाणी खाली दरीत निघून जातं. चुनखडीचा डोंगर वेगळा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, भेगांमधून झिरपताना चुनखडी विरघळवत जातं, आणि लाखो वर्षांत डोंगराच्या पोटात मैलोन्‌मैल बोगदे तयार होतात. मेघालयातल्या लांबलचक गुहा अशाच घडल्या, थाम लुआंगची सुमारे 10 किलोमीटरची गुहाही अशीच घडली. म्हणजे ही गुहा मुळात पाण्याची वाट आहे. उन्हाळ्यात ती कोरडी असते आणि माणूस आत जाऊ शकतो, एवढंच.

23 जून 2018 रोजी 11 ते 16 वर्षांची 12 मुलं आणि त्यांचा 25 वर्षांचा फुटबॉल प्रशिक्षक आत गेले, तेव्हा वाट चालण्यासारखी होती. मग डोंगरावर पाऊस झाला आणि बोगद्यातले सखल भाग छतापर्यंत भरले. गुहेत पाणी वाढतं ते नदीसारखं डोळ्यांसमोर काठ चढत नाही. पाऊस पडतो एकीकडे, पाणी उगवतं दुसरीकडे, आणि बहुतेक वेळा ते माणसाच्या मागे, परतीच्या वाटेवर उगवतं. 2025 च्या सप्टेंबरमध्ये परंड्याकडे पुरात अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने उचलता आलं, कारण त्यांच्या डोक्यावर आभाळ होतं. गुहेत डोक्यावर शेकडो मीटर खडक असतो.

आता पाण्याच्या उपशाकडे येऊ. पावसाळ्यात भरल्या झऱ्याची विहीर उपसायला घेतली की काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. मोटार जेवढं ओढते तेवढं कपारीतून पुन्हा येतं. थाम लुआंगमध्ये हजारो भेगा हेच करत होत्या. म्हणून तिथे पंपांच्या जोडीला डोंगरावरचे ओढेच वळवले गेले. उपसलेलं पाणी खालच्या भातशेतांत गेलं, शेतकऱ्यांनी डोळ्यांदेखत पीक बुडू दिलं. या उपशाच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंतेही भारतीय दूतावासाच्या पुढाकाराने जाऊन राबले. किर्लोस्करवाडीत मोठे पंप विमानाने पाठवायच्या तयारीत ठेवलेले होते. या उपशाने गुहा कोरडी झाली नाही, पण पहिल्या काही भागांत पाणी इतकं उतरलं की तिथे छताखाली श्वास घेता येऊ लागला. पाण्याखालचं अंतर घटलं आणि पुढचं सगळं त्यामुळेच शक्य झालं.

उपसा कसा फसतो याचं उदाहरण त्याच वर्षी आपल्याच देशात घडलं. 13 डिसेंबर 2018 ला मेघालयातल्या ईस्ट जैंतिया हिल्समध्ये कसान इथे कोळशाच्या अरुंद खाणीत पाणी घुसलं आणि 15 मजूर अडकले. खाण बेकायदा, तिचा धड नकाशा नाही, शेजारच्या जुन्या खाणी पाण्याने भरलेल्या आणि जवळ नदी. पंप लावले तरी पातळी हवी तशी उतरेना. मोठे पंप पोहोचायलाच दोन आठवडे गेले. नौदलाचे पाणबुडे आणि पाण्याखाली चालणारं यंत्रही उतरवलं गेलं. अखेर हाती लागले ते दोन मृतदेह. थायलंडच्या मुलांचं नाव घराघरांत पोहोचलं होतं. या मजुरांसाठी देश तितका जागा राहिला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

बोअरचा मार्ग कधीकधी जमतो. पश्चिम बंगालमधल्या राणीगंजला 1989 च्या नोव्हेंबरमध्ये महाबीर खाणीत पाणी शिरलं, तेव्हा अभियंते जसवंतसिंग गिल यांनी वरून रुंद भोक पाडून घेतलं, त्यातून माणूस मावेल अशी पोलादी कॅप्सूल खाली सोडली, स्वतः तीत बसून उतरले आणि 65 जणांना एकेक करून वर पाठवलं. पण खाणीचा नकाशा असतो. कोणत्या गल्लीच्या डोक्यावर मशीन उभं करायचं हे ठरवता येतं. नैसर्गिक गुहा वाकडीतिकडी जाते, वर जंगल असतं, आणि बोअर खोल गेला की सरळ राहत नाही, हे बोअरगाडीवाले सांगतीलच. थाम लुआंगच्या बचावकार्याचे प्रमुख नारोंगसाक ओसतनकोर्न यांनी तेव्हा सांगितलं होतं, की डोंगरावर शंभराहून अधिक ठिकाणी छिद्रं पाडून पाहिली. सर्वांत खोल गेलेलं 400 मीटरचं होतं, आणि मुलं अंदाजे 600 मीटर खाली होती.

बोअरमध्ये आणखी एक धोका आहे, आणि तो चटकन लक्षात येत नाही. खाली पाणी चढत असताना वरच्या पोकळीतली हवा कोंडून दाबली जाते, आणि तो दाबच पाण्याला थोपवून धरतो. तिथे भोक पाडलं की हवा सुसाटत बाहेर पडणार आणि पाणी वर चढणार. 2002 मध्ये अमेरिकेतल्या क्वीक्रीक खाणीत 9 कामगार असेच अडकले. तेव्हा पहिल्या लहान बोअरमधून लगेच कॉम्प्रेसरची गरम हवा खाली सोडायला सुरुवात केली, म्हणून पोकळी टिकली आणि नऊही जण वाचले. घाईने नुसतं भोक पाडलं असतं तर वाचवणाऱ्यांच्याच हातून ते बुडाले असते.

उरतो पाणबुड्यांचा रस्ता. समुद्रात किंवा धरणात पाणबुड्याला काही झालं तर तो वर येऊ शकतो. गुहेत वर येणं नाहीच, आलेल्या वाटेनेच परत जायचं. एका पायाच्या फटकाऱ्याने तळाचा गाळ उठतो आणि कितीही मोठा दिवा असला तरी स्वतःचा हात दिसत नाही. तेव्हा आधी बांधत नेलेला दोर हाताने चाचपत यायचं. दोर सुटला की दिशा गेली. गुहेत उतरणाऱ्यांचा जुना नियम असा, की टाकीतली एक तृतीयांश हवा जाताना वापरायची, एक तृतीयांश येताना, आणि उरलेली राखून ठेवायची.

हा हिशेब भीतीने कोलमडतो. 12 लिटरची टाकी बाहेरच्या हवेच्या 200 पट दाबाने भरली तर तीत साधारण 2400 लिटर हवा मावते. शांतपणे पोहणारा माणूस पृष्ठभागाजवळ मिनिटाला 20 लिटर घेतो, म्हणजे दोन तास. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणून वेळ निम्मा. आणि घाबरून धापा टाकणारा माणूस याच्या तिप्पट हवा सहज ओढतो. पोहणं न येणारं अकरा-बारा वर्षांचं मूल काळोखात घाबरलं तर ते आपला मास्क तर ओरबाडेलच, शेजारच्या पाणबुड्याचाही ओढेल. ही नुसती कल्पना नव्हती. बचावकामातलेच चार कामगार वाढत्या पाण्याने आत अडकले होते. त्यांना अगदी थोडं अंतर पाण्याखालून आणताना ती प्रौढ माणसंसुद्धा झटापट करू लागली. ब्रिटिश पाणबुडे रिक स्टॅन्टन आणि जॉन व्होलान्थेन यांनी ते पाहिलं होतं. मुलांना पोहायला शिकवून बाहेर आणावं हा विचार तिथेच मागे पडला. 6 जुलैला थायलंडच्या नौदलाचे माजी जवान समन गुनान आत टाक्या पोहोचवून परतताना बेशुद्ध पडले आणि गेले. वय 37, शरीर कसलेलं, पाण्याची सवय.

आत थांबून चार महिन्यांनी पाऊस ओसरायची वाट पाहावी, असाही एक पर्याय होता. तो हवेने बंद केला. विसावलेला माणूस मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन वापरतो. 13 जणांचा दिवसाचा खप होतो साडेचार हजार लिटरच्या पुढे, आणि त्यांच्या सोबतीला जाऊन बसलेले डॉक्टर आणि जवानही त्याच हवेत श्वास घेत होते. एरवी हवेत 21 टक्के असणारा ऑक्सिजन तिथे 15 टक्क्यांवर आल्याचं मोजमापात दिसलं. त्याच वेळी उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साचत जातो. 2017 मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर सिस्को ग्रासिया हा पाणबुडा गुहेतल्या हवेच्या पोकळीत सुमारे 60 तास अडकला होता. तिथे कार्बन डायऑक्साइड 5 टक्क्यांच्या आसपास गेला होता, म्हणजे बाहेरच्या शंभरपटीहून अधिक. डोकं फुटेल असं दुखणं आणि नसलेले दिवे, नसलेले आवाज जाणवणं त्याने नंतर सांगितलं. अशा अवस्थेतल्या माणसाकडून पाण्याखाली शिस्तीची अपेक्षा ठेवता येत नाही.

म्हणून ऑस्ट्रेलियाचे भूलतज्ज्ञ रिचर्ड हॅरिस यांनी स्वतःलाही भयंकर वाटलेला निर्णय घेतला. मुलांना भूल देऊन, बेशुद्ध अवस्थेत, पाण्याखालून आणायचं. आधी चिंता कमी करणारी गोळी, मग तोंडातली लाळ घटवणारं ॲट्रोपिन, मग मांडीत केटामाइनचं इंजेक्शन. केटामाइन निवडलं कारण त्याने श्वास सहसा चालू राहतो. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क, आत बाहेरच्यापेक्षा जास्त दाब, म्हणजे फट राहिली तरी पाणी आत न येता हवा बाहेर जाईल. जाग येऊन मास्क ओढू नये म्हणून हात बांधलेले. औषधाचा अंमल प्रवासापेक्षा लवकर उतरायचा, तेव्हा वाटेत पाणबुड्यांनीच पुन्हा इंजेक्शन द्यायचं. ते डॉक्टर नव्हते. 8 ते 10 जुलै या तीन दिवसांत तेराही जण बाहेर आले. शेवटचे लोक निघत असतानाच मुख्य पंप बंद पडला आणि पाणी झपाट्याने वाढू लागलं. इतक्या थोड्या फरकाने ते निभावलं. बेरूत पकबारा हे जवान या कामात झालेल्या रक्ताच्या संसर्गाने 2019 च्या डिसेंबरमध्ये दगावले, ही बातमी आपल्याकडे फार थोड्यांपर्यंत पोहोचली.

मराठवाड्यात अशी गुहा नाही. पण उन्हाळ्यात गाळ काढायला किंवा मोटार दुरुस्त करायला उतरलेला एकजण विहिरीत कोसळतो, त्याला धरायला भाऊ उतरतो, मग शेजारी, आणि तिघांचेही मृतदेह वर येतात, हे आपण वर्तमानपत्रात वाचत असतो. खोल, अरुंद, वारा न लागणाऱ्या विहिरीत कुजणारा पालापाचोळा ऑक्सिजन खातो. जड कार्बन डायऑक्साइड तळाशी बसून राहतो. गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. डिझेल इंजिन आत उतरवलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वासही नसतो. ऑक्सिजन 10 टक्क्यांच्या बराच खाली गेला तर माणूस काही क्षणांत, हाक मारण्याआधी शुद्ध हरपतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा संशोधन संस्थेने 1986 मध्येच इशारा दिला होता, की अशा कोंडलेल्या जागांत मरणाऱ्यांपैकी 60 टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात.

पूर्वी म्हातारी माणसं कंदील सोडून पाहायची. ज्योत 16-17 टक्क्यांच्या आसपास विझते, म्हणून विझला तर उतरायचं नाही हे खरंच. पण जळत राहिला म्हणून विहीर सुरक्षित ठरत नाही. हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड कंदिलाला कळत नाहीत, आणि मिथेन असेल तर भडकाच उडेल. आज चार वायू मोजणारं हातात मावणारं यंत्र मिळतं. उतरण्याआधी ब्लोअरने पाइपातून थेट तळापर्यंत हवा सोडता येते. उतरणाऱ्याच्या छातीला पट्टा आणि पट्ट्याला दोर असला, दोराचं टोक वर यारीला किंवा तिकाटण्याला असलं, तर तो कोसळला तरी दुसऱ्याने खाली न जाता त्याला ओढून घेता येतं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची महाराष्ट्रातली मुख्य तुकडी पुण्याजवळ आहे, राज्याच्या दलाच्या तुकड्या धुळ्याला आणि नागपूरला. नांदेड किंवा हिंगोलीच्या शिवारात त्या पोहोचेपर्यंत काही तास जाणार, आणि विहिरीत कोसळलेल्याकडे काही मिनिटंच असतात. त्यामुळे वायू मोजायचं यंत्र, ब्लोअर, पट्टा आणि दोर हे साहित्य निदान तालुक्याच्या अग्निशमन केंद्रात आणि मोठ्या ग्रामपंचायतींत हवं, आणि गाळ काढायची कामं सुरू होण्याआधी, फाल्गुनातच, ते चालवून पाहिलेलं हवं.