पर्गमची पंगत

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, म्हणजे योहानाच्या प्रकटीकरणात, रोमच्या आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांना, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती समाजांना, लिहिलेली सात पत्रं आहेत. तिसरं पर्गमच्या मंडळीला. पत्र जेमतेम सहा वचनांचं. सुरुवात कौतुकाची: अंतिपा नावाचा तुमच्यातला विश्वासू साक्षी मारला गेला, तेव्हाही तुम्ही ढळला नाहीत. आणि लगेच तक्रार: तुमच्यात काही जण जुन्या करारातल्या बलामाची शिकवण धरून बसले आहेत, मूर्तीपुढचा नैवेद्य खातात, जारकर्म करतात, निकलाइत नावाच्या गटालाही तुम्ही थारा दिला आहे.

मराठी बायबलात 'नैवेद्य' हाच शब्द असल्यामुळे आपल्याकडच्या ख्रिस्ती वाचकाला इथे वेगळी टीप लागत नाही. शेजारच्या सत्यनारायणाचा प्रसाद हातावर घ्यायचा की नाही, यावरून कुजबुज झालेली घरं आपल्याला माहीत असतात. पर्गममध्ये मात्र प्रश्न चिमूटभर शिऱ्याचा नव्हता. अख्ख्या पंगतीचा होता.

पर्गम म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं बर्गामा. इ.स.पू. १३३ मध्ये तिसरा अत्तालस वारला आणि त्याच्या मृत्युपत्रानुसार हे राज्य रोमच्या पदरात पडलं. उंच टेकडीवर मंदिरं आणि खड्या उताराचं नाट्यगृह, खाली अस्क्लेपियस या आरोग्यदेवाचं धाम. इथलं ग्रंथालय तर एवढं नावाजलेलं, की लिहिण्याच्या कातड्याला युरोपात या शहराचंच नाव चिकटलं: पार्चमेंट. इ.स.पू. २९ मध्ये ऑगस्टसने आपलं आणि रोमा देवीचं मंदिर बांधायची परवानगी प्रांताला दिली, ते मंदिरही इथेच उभं राहिलं. पत्रात या गावाला 'सैतानाचं आसन' म्हटलंय. ते आसन म्हणजे झ्यूसची भव्य वेदी, असं बरेच जण सांगतात. तिचे शिल्पपट्ट आता बर्लिनच्या संग्रहालयात आहेत आणि वेदी दिसतेही सिंहासनासारखी. मला स्वतःला सम्राटाचं मंदिर जास्त पटतं. झ्यूसकडे पाठ फिरवणारा माणूस विक्षिप्त ठरत असेल, सम्राटाकडे पाठ फिरवणारा राजद्रोही ठरायचा.

त्या काळच्या शहरात देव मंदिरापुरता नसायचा. कारागिरांचे संघ, अंत्यविधीसाठी पैसे जमवणारी मंडळं, गायकांचे गट, सगळ्यांचा कुणीतरी देव असे आणि सगळ्यांचं जेवण त्या देवाच्या नावाने होई. ऑगस्टस आणि रोमा यांची स्तोत्रं गाणाऱ्या पर्गमच्या गायकमंडळाचा दुसऱ्या शतकातला एक शिलालेख सापडला आहे. कोणत्या सणाला कोणत्या पदाधिकाऱ्याने किती दारू आणि किती भाकरी द्यायची, सम्राटासाठी धूप-दिवे कोणी पुरवायचे, याची तो यादीच देतो. वर्गणी, जेवण आणि पूजा, सगळं एकाच दगडावर. टेकडीच्या उतारावर उत्खननात एक भोजनशाळाही मिळाली आहे. भिंतींच्या कडेने आडवं होऊन जेवण्यासाठी बांधलेले रुंद ओटे आणि त्याच दालनात वेदी. जेवणारे डायोनिसस या मद्यदेवाचे भक्त होते, असं मानतात. ज्याला पंगतीला बसायचं त्याला वेदीसमोरच बसणं भाग.

इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या पपायरसांत दुसऱ्या शतकाच्या सुमाराचं एक निमंत्रण आहे, दोन-तीन ओळींचं. कैरेमोन तुम्हाला उद्या, १५ तारखेला, नवव्या तासाला, सेरापिओनमध्ये, म्हणजे सेरापिस देवाच्या मंदिरात, प्रभू सेरापिसच्या पंगतीला बोलावतो आहे. एवढंच. नववा तास म्हणजे दुपारचे तीन. हा कैरेमोन कोणाचं धर्मांतर करायला निघाला नव्हता, त्याच्याकडे जेवण होतं. अशी चिठ्ठी ख्रिस्ती झालेल्या व्यापाऱ्याच्या हातात पडली, तर तो 'नाही' कोणत्या तोंडाने म्हणणार? उद्याचं गिऱ्हाईक, परवाचा जामीन, मुलीचं स्थळ, सगळं त्याच ओट्यांवर बसलेलं.

मंडळीचा वारसा याबाबत स्पष्ट होता. साधारण इ.स. ४९ मध्ये यरुशलेमेत प्रेषित आणि वडील जमले आणि त्यांनी ठरवलं की यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर सुंतेचं ओझं लादायचं नाही. फक्त चार गोष्टी टाळायच्या: मूर्तीला अर्पिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचं मांस आणि जारकर्म. सवलत मोठी, अटी मोजक्या. त्यामुळे पर्गममध्ये सुटलं ते काही किरकोळ सोवळं नव्हतं, त्या मोजक्या अटींतली पहिलीच सुटली.

पण निकलाइतांची बाजूही ऐकायला हवी. त्यांचं लिहिलेलं काही उरलेलं नाही, त्यांच्याविषयी जे कळतं ते विरोधकांकडून. तरी त्यांचा युक्तिवाद काय असेल याचा अंदाज करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्रावरून येतो. ते पत्र याच्या सुमारे ४० वर्षं आधीचं. मूर्ती म्हणजे काहीच नाही, मग तिच्यापुढे ठेवलेल्या मांसाला काय झालं, असं करिंथचे शहाणे म्हणत होते, आणि पौल त्यांच्याशी अर्धा सहमत होता. बाजारात विकायला आलेलं मांस खुशाल घ्या, उगाच चौकशी करू नका, असं तो सांगतो. मात्र देवळातल्या पंगतीला बसू नका. प्रभूचा प्याला आणि भुतांचा प्याला दोन्ही पिता येणार नाहीत. खाटकाचं दुकान आणि देवळाचं दालन यांच्यामधली ही रेघ बारीक होती. पर्गमच्या काहींनी ती ओलांडली आणि ओलांडताना पौलाचंच वाक्य तोंडी ठेवलं असेल, तर मला नवल वाटणार नाही.

योहानाने बलामाची उपमा उगाच निवडलेली नाही. मवाबचा राजा बालाक याने इस्राएलला शाप द्यायला बलामाला बोलावलं. त्याने तोंड उघडलं की दर वेळी आशीर्वादच बाहेर पडे. पुढे मवाबी बायकांनी इस्राएली पुरुषांना आपल्या देवाच्या यज्ञाच्या जेवणाला बोलावलं आणि ते गेले. हा सल्ला बलामाचाच होता, असं गणना या पुस्तकात पुढे येतं. अंतिपाच्या रक्तानेही न फुटलेली मंडळी अशीच आमंत्रणाने फुटत होती. संदेष्टे मूर्तिपूजेलाच व्यभिचार म्हणत, त्यामुळे पत्रातलं 'जारकर्म' शब्दशः घ्यायचं की नाही, यावर अभ्यासकांत दुमत आहे.

पत्रातलं बक्षीसही पंगतीचंच: गुप्त राखलेला मान्ना, म्हणजे रानात इस्राएलला आकाशातून मिळालेलं अन्न, आणि नवं नाव कोरलेला पांढरा खडा. मेजवानीच्या दारात दाखवायची खूण म्हणजे हा खडा, असा एक अर्थ लावतात, आणि बाकीचा मजकूर पाहता तो चपखल बसतो.

लगेच पुढचं पत्र थुवतीराला आहे आणि दुखणं तेच. तिथे दोष एका बाईवर येतो. योहान तिला ईजबेल म्हणतो, जुन्या करारातल्या मूर्तिपूजक राणीच्या नावाने, खरं नाव देत नाही. थुवतीरा कारागिरांचं गाव. रंगारी, चांभार, कुंभार, तांबट, बेकरीवाले, सगळ्यांच्या संघांचे शिलालेख तिथे मिळाले आहेत. फिलिप्पैत पौलाला भेटलेली, जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया याच गावची. संघ सोडणं तिथे धंदा सोडण्याइतकंच अवघड असणार.

योहानाचं लिखाण साधारण इ.स. ९५ चं मानतात. पुढच्या १५-२० वर्षांतच शेजारच्या बिथिनियाचा राज्यपाल धाकटा प्लिनी सम्राट त्राजानला कळवतो की देवळं पुन्हा गजबजली आहेत आणि इतके दिवस क्वचितच गिऱ्हाईक मिळणारं बळीचं मांस आता सगळीकडे विकलं जातंय. त्याच्या दृष्टीने ही चांगली बातमी होती, ख्रिस्ती लोक ताळ्यावर येत असल्याचा पुरावा. पण मधल्या काळात मांस पडून राहत होतं, म्हणजे पंगतीला न बसणारेही पुष्कळ असणार.

पर्गमचं नाव हुतात्म्यांच्या वृत्तांतात पुन्हा येतं. कार्पस, पापिलस आणि अगाथोनिके यांना तिथे जाळण्यात आलं. काळ सम्राट मार्कस ऑरेलियसचा की सम्राट डेसियसचा, यावर मतभेद आहेत. पापिलस थुवतीराचा, ईजबेलच्या गावचा. मुलंबाळं आहेत का, असं प्रांताधिकाऱ्याने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, पुष्कळ आहेत, प्रत्येक प्रांतात आणि गावात. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, तो त्याच्या पंथाच्या लोकांविषयी बोलतोय. बळी देणार की नाही, अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं. तरुणपणापासून देवाची सेवा करतो आहे, पापिलस म्हणाला, मूर्तींना कधी बळी दिलेला नाही.