मैदान सार्वजनिक, खर्च क्लबचा: ही पद्धत आली कुठून?

मुलांच्या फुटबॉल किंवा बेसबॉल क्लबने सार्वजनिक मैदानावरच्या दिव्यांसाठी पैसे उभे करायचे, पाण्याचा निचरा सुधारायला पालिकेला हातभार लावायचा आणि बदल्यात आठवड्यातल्या ठरावीक संध्याकाळी राखून घ्यायच्या. युरोप-अमेरिकेत आता याचे कुणाला नवल वाटत नाही. काहींना यात लोकसहभाग दिसतो, तर काहींना पालिकेने झटकलेली जबाबदारी. इतिहास पाहिला तर दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे.

सुरुवात क्लबांनी केली, पालिका नंतर आल्या. फ्रीडरिश लुडविग यान यांनी १८११ मध्ये बर्लिनजवळ हाझनहाइडे येथे उघड्यावर कसरतीचे मैदान सुरू केले. या तरुणांच्या जमावात सरकारला राजकारणाचा वास आला आणि प्रशियात १८२० पासून १८४२ पर्यंत अशा कसरतींवर बंदी राहिली. ती उठल्यावर जर्मन गावांतून तरुणांची मंडळे पुन्हा उभी राहिली. वर्गणी काढून जागा आणि साधने करू लागली. प्रागमध्ये १८६२ साली ‘सोकोल’ ही संस्था निघाली. कल्पना मिरोस्लाव टिर्श यांची होती आणि पदरचा पैसा घातला तो व्यापारी यिंद्रिख फ्युग्नर यांनी. पुढच्याच वर्षी संस्थेची स्वतःची वास्तू उभी राहिली. पुढे गावोगावच्या सोकोल-भवनांत कसरतीबरोबर नाटकेही होऊ लागली. क्लबने बांधलेली वास्तू अशी हळूहळू साऱ्या गावाची झाली.

पालिकांनी खेळाची जागा देणे हे आपले काम मानायला वेळ लागला. इंग्लंडमधले बर्कनहेड पार्क १८४७ मध्ये सार्वजनिक पैशातून झाले खरे. पण त्या काळच्या उद्यानांची मुख्य कल्पना फिरण्याची आणि मोकळ्या हवेची होती. मुलांच्या खेळाचा वेगळा विचार बॉस्टनमध्ये १८८५ साली दिसतो. बर्लिनमध्ये पाहिलेली कल्पना डॉ. मारी झाक्शेव्स्का यांनी सुचवली आणि बॉस्टनमधल्या एका महिला-प्रधान संस्थेने लहान मुलांसाठी वाळूचा ढीग टाकला. एवढ्याशा गोष्टीतून क्रीडांगणांची चळवळ फोफावली आणि १९०६ मध्ये तिची अमेरिकाव्यापी संघटना झाली. ब्रिटनमध्ये १९२५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडांगण संघटनेने दर हजार लोकवस्तीमागे ६ एकर खेळाची जागा हवी, असा दंडक मांडला. राजे पाचवे जॉर्ज १९३६ मध्ये वारल्यावर त्यांच्या स्मरणार्थ ४७१ मैदाने राखली गेली. मध्यवर्ती निधीतून अनुदान मिळे, बाकीची तजवीज गावाने करायची; मात्र ती जागा कायमची खेळासाठीच राहील अशी अट होती. मला या अटीचे मोल त्या अनुदानापेक्षाही मोठे वाटते. पश्चिम जर्मनीत १९६० च्या ‘गोल्डन प्लॅन’ने तर १५ वर्षांत क्रीडासुविधांचा तुटवडा भरून काढण्याचा आराखडाच मांडला.

दरम्यान मुलांचे क्लब वेगळ्याच पायावर वाढत होते. पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट येथे १९३९ मध्ये कार्ल स्टोट्झ यांनी अवघ्या तीन संघांवर ‘लिटल लीग’ सुरू केली. एका डेअरीने ३० डॉलर दिले, त्यातून गणवेश आले. पुढे देशभर हाच साचा पसरला. जमीन बहुधा सार्वजनिक; कुंपण, बाके, धावफलक पालकांच्या श्रमांतून आणि स्थानिक दुकानदारांच्या देणगीतून. पालिकेलाही ते सोयीचे होते.

खरा फरक पडला तो १९७८ मध्ये. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर केले आणि मालमत्ता कर मूल्यांकनाच्या सुमारे १ टक्क्यावर बांधला गेला. पालिकांच्या तिजोरीला खिंडार पडल्यावर उद्याने आणि क्रीडाविभागांना झळ बसली. वापरशुल्क वाढले, दर खेळाडूमागे मैदानाची फी आली आणि सुधारणेचा प्रस्ताव घेऊन येणाऱ्या क्लबला ‘तुम्ही किती देणार?’ हा प्रश्न विचारला जाऊ लागला. तोवर हौसेने दिली जाणारी मदत आता गृहीत धरली जाऊ लागली.

यातला धोका लॉस एंजेलिसमध्ये उघड झाला. मुलांच्या बेसबॉल लीगकडे पालिकेची चांगली, दिवे असलेली मैदाने वर्षानुवर्षे होती. मुलींच्या सॉफ्टबॉल लीगला मात्र मिळेल त्या जागी खेळावे लागे. १९९८ मध्ये मुलींच्या बाजूने शहरावर खटला भरला गेला आणि १९९९ मध्ये तडजोड झाली. सामुदायिक क्रीडासुविधांचे वाटप करताना मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असा कायदा कॅलिफोर्नियाने २००४ मध्ये केला. ज्याचा मैदानावर जुना वावर त्याचाच तिथे हक्क, हा समज क्लबचा पैसा त्यात घातल्यावर अधिकच पक्का होतो. नव्या, गरीब किंवा मुलींच्या संघांना मग शिरकाव मिळत नाही. म्हणून पैसा स्वीकारण्याआधी वेळांची वाटणी कागदावर यायलाच हवी. तोंडी समजुतीवर हे सोडून चालत नाही.

पैशाला पैसा जोडण्याची सरकारी रीत या बाबतीत जास्त शहाणी वाटते. अमेरिकेचा १९६५ पासूनचा ‘भूमी आणि जल संवर्धन निधी’ मैदानांच्या प्रकल्पाला निम्म्यापर्यंत रक्कम देतो. उरलेली स्थानिक पातळीवर उभी करायची, आणि जागा पुढे सार्वजनिक मनोरंजनासाठीच राखायची. नॉर्वेत लॉटरी-सट्ट्याच्या उत्पन्नातून क्रीडासुविधांना अनुदान मिळते आणि क्लबच्या सभासदांनी फुकट केलेले श्रमही त्यांच्या वाट्यात मोजता येतात. ज्या क्लबकडे रोकड नाही, त्यालाही यामुळे हक्काने भाग घेता येतो. इंग्लंडमध्ये १९९४ च्या राष्ट्रीय लॉटरीने खेळाला पैसा पुरवला. २००० मध्ये प्रीमियर लीग, फुटबॉल असोसिएशन आणि सरकार यांनी मिळून ‘फुटबॉल फाउंडेशन’ स्थापले.

हल्ली वर्गणीचा मोठा भाग कृत्रिम हिरवळीकडे जातो. ती साधारण ८ ते १२ वर्षांत झिजते. उद्घाटनाला फीत कापायला सगळे हजर असतात, पण हिरवळ बदलण्याची वेळ येते तेव्हा पैसे भरलेली मुले मोठी होऊन पांगलेली असतात आणि क्लबची समितीही बदललेली असते. त्यामुळे अशा मैदानासाठी अनुदान देताना ‘फुटबॉल फाउंडेशन’ दरवर्षी ठरावीक रक्कम बदलनिधीत बाजूला टाकण्याची अट घालते. ती रक्कम पालिकेने भरायची की मैदान वापरणाऱ्या संघांच्या शुल्कातून काढायची, हे पहिल्याच करारात लिहिलेले असावे.