कार्पल टनेल शस्त्रक्रिया

मनगटाच्या तळहाताकडील बाजूस असलेल्या मणिबंध बोगद्यात (कार्पल टनेल) दबलेली मध्यम तंत्रिका (मीडियन नर्व्ह) मोकळी करण्यासाठी त्या बोगद्याच्या छताचा आडवा अस्थिबंध कापण्याची शस्त्रक्रिया. परिघीय (मेंदू व मज्जारज्जूबाहेरील) तंत्रिकांवरील दाब काढण्याच्या शस्त्रक्रियांत ही सर्वाधिक केली जाते.

बोगद्याचा तळ व भिंती मनगटाच्या हाडांच्या असल्यामुळे त्यांना ताण घेता येत नाही. आतून बोटे व अंगठा वाकवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे तंतुमय दोर) आणि ही एक तंत्रिका जाते. कंडरांभोवतीची आवरणे सुजली की तंत्रिकेचा सूक्ष्म रक्तपुरवठा अडतो. गेल्बरमन व सहकाऱ्यांच्या मोजणीत (१९८१) मनगट सरळ असताना बोगद्यातील सरासरी दाब निरोगी व्यक्तींत २.५, तर रुग्णांत ३२ मिमी. पारा भरला. मनगट वाकवले की तो आणखी चढतो. झोपेत मनगट दुमडलेले राहते, हे रात्री मुंग्या येऊन जाग येण्याचे एक कारण.

इतिहास : पहिली शस्त्रक्रिया कोणाची, याबाबत मतभेद आहेत. जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्ये वर्णिलेले रुग्ण दुखापतीनंतरचे होते. प्येर मारी व शार्ल फ्वा यांनी १९१३ मध्ये एका वृद्धेच्या शवविच्छेदनात अस्थिबंधाच्या काठाशी फुगलेली तंत्रिका पाहिली आणि वेळीच अस्थिबंध कापल्यास लुळेपणा टळू शकेल, असे सुचवले. स्वतः मात्र शस्त्रक्रिया केली नाही. काही अभ्यासक विनिपेगच्या (कॅनडा) हर्बर्ट गॅलोवे यांना (१९२४), तर बहुतेक जुनी पाठ्यपुस्तके जेम्स लिअरमन्थ यांना (१९३३ चा वृत्तांत) मान देतात. तथापि हे रुग्णही दुखापतीचे किंवा सांध्याच्या विकाराचे होते. दुखापतीविना उद्भवणाऱ्या विकारासाठी ही शस्त्रक्रिया रूढ होण्यास ब्रेन, राइट व विल्किन्सन यांचा १९४७ चा लेख कारणीभूत ठरला, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. प्रसाराचे श्रेय जॉर्ज फॅलेन यांच्या १९५० नंतरच्या लेखांकडे जाते.

निवड : रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून वा स्टेरॉइडच्या इंजेक्शनने आराम न पडणे, बधिरता सतत राहणे किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा खचू लागणे, ही शस्त्रक्रियेची कारणे होत. मानेतील मज्जामूळ (मज्जारज्जूतून निघणाऱ्या तंत्रिकेचा आरंभ) दाबले गेल्यानेही हात बधिर होतो; ते न तपासता मनगट उघडले तर गुण येत नाही. गरोदरपणातील त्रास बहुधा प्रसूतीनंतर ओसरतो.

पद्धत : स्थानिक भूल पुरते. लिग्नोकेनमध्ये (भुलीचे औषध) रक्तवाहिन्या आकसवणारे अॅड्रिनॅलिन मिसळून सु. अर्धा तास थांबल्यास रक्तस्राव इतका कमी होतो की दंडावर टूर्निकेट (रक्तप्रवाह रोखणारा पट्टा) लागत नाही. अनामिकेच्या अंगठ्याकडील कडेच्या रेषेत तळहातावर ३ ते ४ सेंमी. छेद घेतात. तो अंगठ्याकडे सरकला तर तळहाताच्या त्वचेची संवेदी शाखा तुटून व्रण दुखरा होतो. करंगळीकडे फार गेला तर शेजारच्या, अल्नर तंत्रिका व धमनीच्या मार्गात शिरण्याचा धोका. तळहाताचा तंतुमय पडदा दुभंगल्यावर आडवा अस्थिबंध दिसतो. तो तंत्रिकेवर संरक्षक सळई सरकवून, हॅमेट या करंगळीकडील मनगटाच्या हाडाच्या आकड्याजवळून कापतात. अंगठ्याकडे जाणारी प्रेरक (स्नायू हलवणारी) शाखा कधीकधी अस्थिबंधालाच भेदून जात असल्याने त्या बाजूने कापत नाहीत. बोटांकडील टोकाशी पिवळी चरबी दिसली, की अस्थिबंध संपला; तिच्यालगतच वरवरची धमनी-कमान असते. मनगटाकडे अग्रबाहूच्या पडद्याचा काठही मोकळा करतात. दुर्बिणीतून करण्याची पद्धत ओकुत्सू व चाऊ यांनी १९८० च्या दशकात आणली; तीत रुग्ण कामावर लवकर परततो, पण दीर्घकालीन गुण जवळपास तेवढाच.

त्याच दिवशी बोटे हलवायला लावतात. टाके १०–१४ दिवसांनी काढतात. रात्रीच्या मुंग्या बहुधा काही दिवसांतच थांबतात, पकड सावरायला सु. तीन महिने लागतात. तळहाताच्या दोन्ही कडांना दुखणे काही महिने रेंगाळते. खचलेला स्नायू मात्र अनेकदा भरत नाही.

त्रास मुळीच न थांबल्यास अस्थिबंधाचे, विशेषतः बोटांकडील, टोक अर्धवट राहिल्याची शंका घ्यावी. काही काळ बरे वाटून पुन्हा सुरू झाल्यास तंत्रिकेभोवतीच्या व्रणऊतीची. नवा बधिरपणा किंवा लुळेपणा आल्यास तंत्रिकेलाच इजा झाल्याचे धरून लवकर उघडून पाहतात.

कुष्ठरोगात तंत्रिका मनगटाच्या किंचित वर जाड होते. तेथे दाब आतील दाहाचा असल्याने स्टेरॉइड हाच मुख्य उपचार. नुसता अस्थिबंध कापण्याचा अतिरिक्त लाभ निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही.