स्वस्त 70-300 बदनाम कशी झाली

फिल्मच्या काळात 70-300 ला, म्हणजे 70 ते 300 एमएम फोकल लेंग्थच्या, दूरचं जवळ आणणाऱ्या झूम लेन्सला, फारसं कुणी नावं ठेवत नव्हतं. फोटो बहुतेकदा 4×6 इंचांच्या प्रिंटवरच पाहिले जात आणि त्या आकारात 300 एमएमचा मऊपणा (चित्र पुरेसं धारदार नसणं) डोळ्यांवर येत नसे. स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) असलेली एसएलआरसाठीची, म्हणजे आतल्या आरशातून दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यासाठीची, पहिली लेन्स 1995 ची, आणि तीही 75-300 च होती.

खरा गोंधळ डिजिटलपासूनचा. 2003-04 मध्ये सहा मेगापिक्सेलचे डीएसएलआर (डिजिटल एसएलआर) हौशी माणसाच्या आवाक्यात आले. सेन्सर फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान, म्हणून ‘300 ची 450 होते’ हे वाक्य रुजलं. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. लेन्स 300 चीच राहते. प्रतिमेचा फक्त मधला भाग टिपला जातो. तेवढ्याच आकाराच्या प्रिंटसाठी तो भाग दीडपट जास्त मोठा करावा लागतो, आणि त्यासोबत काचेचा मऊपणा नि हाताची थरथरही तेवढीच वाढते. हातात धरून 1/300 सेकंदाचा शटर स्पीड जिथे पुरायचा, तिथे आता निदान 1/450 हवा. पक्षी मोठा दिसेल हे विकणाऱ्यांनी ठळक छापलं, शटरचं गणित मात्र कुणी आवर्जून सांगितलं नाही. या लेन्सची निम्मी बदनामी तिथली आहे. उरलेली निम्मी, पुढे 24 मेगापिक्सेलच्या फाइली स्क्रीनवर शंभर टक्के आकारात (फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर) पाहण्याच्या सवयीची.

2007 च्या सुमारास स्टॅबिलायझर स्वस्त झूममध्येही आला. त्याने बसलेला बगळा सुधारला, उडणारा नाही. पक्ष्याची हालचाल फक्त शटरच थांबवतो. उजनी धरणाच्या काठच्या भिगवणला नावेतून उडते रोहित (फ्लेमिंगो) टिपायचे तर 1/1000 च्या खाली जाऊ नये, ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/8 ठेवावं आणि 300 च्या टोकाला न जाता 250 च्या आसपास थांबावं. अशा बहुतेक लेन्स शेवटच्या टोकालाच सर्वांत मऊ पडतात. ऊन चढलं की उजनीच्या पाण्यावरची हवा लहरू लागते; मग महागडी लेन्सही हात टेकते.

या झूम 300 ला एफ/5.6 वरच का थांबत? कारण डीएसएलआरचा ऑटोफोकस साधारण तेवढ्या उजेडाच्या हिशेबाने बांधलेला असे. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांत फोकस थेट सेन्सरवर होऊ लागला आणि 2021 मध्ये 400 ला एफ/8 असलेली परवडणारी झूमही आली. तोवर नॉइज (फोटोतले दाणे) काढणारी सॉफ्टवेअर इतकी सुधारली होती, की एफ/8 साठी आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) 1600-3200 पर्यंत चढवायला पूर्वीइतकं घाबरायचं कारण उरलं नाही. जुन्या 70-300 लाही त्याचा तितकाच फायदा होतो.