वासंतिक कार्यक्रम (पुणे)

फाल्गुनातल्या होळीपासून वैशाखी पौर्णिमेच्या आगेमागे पुणे शहरात आणि लगतच्या गावांत जी व्याख्याने, कीर्तने, हळदीकुंकवाच्या आराशी, जयंत्यांचे जलसे, ग्रामदैवतांच्या जत्रा, कुस्त्या, तमाशे आणि बैलगाडे यांची रीघ लागते, तिचा विचार येथे एकत्र केला आहे. पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा. पुण्यात त्याची चाहूल फाल्गुन वद्य पंचमीला, रंगपंचमीलाच लागते. ‘वसंतोत्सव’ या नावाने होणाऱ्या संगीत महोत्सवाचा मात्र ऋतूशी संबंध नाही. तो पंडित वसंतराव देशपांडे यांच्या स्मरणार्थ भरतो आणि तोही जानेवारीत. नावावरून फसणारे दर वर्षी भेटतात.

हिवाळ्यातले पुण्याचे मोठे महोत्सव तिकिटांचे, मंडपांचे आणि बाहेरगावच्या श्रोत्यांचे. वसंतातले कार्यक्रम बहुतेक फुकट, वर्गणीवर चालणारे आणि त्या-त्या आळीचे किंवा गावाचे असतात. वेळही हवेने ठरवून दिलेली आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने एप्रिलमध्ये दुपारचा पारा चाळिशीला टेकला, तरी दिवेलागणीनंतर वारा सुटतो. म्हणून रामजन्मासारखे, ज्यांची वेळ बदलताच येत नाही ते कार्यक्रम सोडले तर बाकी सगळे संध्याकाळी किंवा रात्री. मध्येच वळीव कोसळला की खुर्च्या डोक्यावर घेऊन धावणे हाही कार्यक्रमाचाच भाग.

वसंत व्याख्यानमाला

या काळातला सर्वांत जुना शहरी उपक्रम वसंत व्याख्यानमाला हा होय. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये पुण्यास आले आणि १८७५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ही व्याख्यानमाला सुरू झाली. वक्तृत्वोत्तेजक सभा ती चालवते. टिळक रस्त्यावरील टिळक स्मारक मंदिरात २१ एप्रिल ते २० मे असा जवळजवळ महिनाभर रोज संध्याकाळी एक विषय, असा तिचा रिवाज आहे. ‘उत्तेजक’ या शब्दावर पुण्याचे विशेष प्रेम दिसते: वक्तृत्वोत्तेजक सभा, हरिकीर्तनोत्तेजक सभा, ग्रंथोत्तेजक संस्था. बोलणे, कीर्तन आणि पुस्तके या तिन्ही गोष्टी आपोआप वाढत नाहीत, त्यांना कोणीतरी पाठीमागून रेटावे लागते, अशी त्या पिढीची धारणा या नावांतून वाचता येते.

व्याख्यानमालेची आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. वसंतातले पुण्याचे बाकी जवळजवळ सगळे तिथीवर चालते. ही मात्र इंग्रजी तारखांवर. चैत्र लवकर येवो की अधिक महिन्याने पुढे सरको, व्याख्यानमाला २१ एप्रिललाच. हा काळ शाळा-कॉलेजांच्या परीक्षा संपल्यानंतरचा आणि कोर्टकचेऱ्यांच्या उन्हाळी सुट्टीला लागून येणारा. ती कोणाला डोळ्यांसमोर ठेवून आखली गेली, हे त्यातच स्पष्ट होते: शिक्षक, वकील, विद्यार्थी, कारकून. शेतकऱ्याच्या पंचांगाशी तिचे नाते नव्हते आणि तसा दावाही तिने केला नाही. श्रोते आज वयस्क झाले आहेत हे खरे. पण व्याख्यान संपल्यावर पायऱ्यांवर रंगणारी दुसरी चर्चा, जिच्यात पाहुण्या वक्त्याच्या चुका काढल्या जातात, ती अजून टिकून आहे. जाणकार तिच्यासाठीच थांबतात.

पेठांतला चैत्र

गुढीपाडव्यापासून रामाचे नवरात्र बसते. पेशवेकालीन तुळशीबाग राममंदिरात नऊ दिवस कीर्तने होतात आणि नवमीला भर दुपारी बाराला पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो. भोवती भांडीकुंडी, खोटे दागिने आणि खेळण्यांचा बाजार एरवी इतका गजबजलेला असतो की आत मंदिर आहे हे नवख्याला सांगावे लागते. त्या दुपारी बाजारच मंदिराकडे तोंड करून उभा राहतो. येथले कीर्तन नारदीय पद्धतीचे: पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, साथीला पेटी, तबला, झांजा. सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात हरिकीर्तनोत्तेजक सभा याच परंपरेचे शिक्षण देते.

याच सुमारास घराघरांत चैत्रगौर बसते. चैत्र शुद्ध तृतीयेपासून वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ती माहेरपणाला आलेली असते अशी समजूत आहे. देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा छोट्या पितळी झोपाळ्यात ठेवायची, समोर पायऱ्या लावून त्यांवर करंज्या, लाडू, शेव, कमळासारखे कापलेले कलिंगड आणि हाताशी असतील ती खेळणी मांडायची. महिनाभरातला सोयीचा एखादा दिवस गाठून हळदीकुंकू करतात. त्यासाठी कैरीची वाटली डाळ, पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, मोगऱ्याचा गजरा. कोणाकडे डाळ तिखट झाली, कोणाच्या पन्ह्यात वेलदोडा जास्त पडला, याची वाड्यात वर्षभर आठवण ठेवली जाई.

पारंपरिक हळदीकुंकवाला फक्त सवाष्णींना बोलावणे असे. ज्या घरात गौर माहेरी आली म्हणून सजावट, त्याच घरातली विधवा आत्या आतल्या खोलीत बसून राही. शहरातल्या अनेक घरांनी हा भेद आता मोडला आहे. काहींनी गाजावाजा करून, बहुतेकांनी मुकाट्याने, नुसते सगळ्यांना बोलावून.

गौरीपुढे किंवा दारात चैत्रांगण काढतात. गेरूने सारवलेल्या जागेवर पांढऱ्या रांगोळीच्या रेषेने मधोमध मखरातली किंवा झोपाळ्यातली गौर आणि तिच्याभोवती सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्म, तुळशीवृंदावन, कासव, नाग, हत्ती, मोर, शिवाय फणी, करंडा, आरसा अशी बायकांच्या नित्याच्या वापरातली चिन्हे. एकूण किती, याची मोजणी घराघरात वेगळी. हे चित्र शिकवणारी शाळा नव्हती, ते सासूकडून किंवा आईकडून हाताला लागे. आता बाजारात प्लास्टिकचे छापे मिळतात. छाप्याने पाच मिनिटांत सगळे उमटते, पण चिन्हे सगळ्या घरांत सारखीच येतात आणि ‘आमच्याकडे हत्तीची सोंड अशी काढत नाहीत’ या वादाला जागा उरत नाही. बिल्डिंगींमध्ये हल्ली सोसायटीचे एकच चैत्रगौर-हळदीकुंकू पार्किंगमध्ये होते. तिथे चैत्रांगणाची स्पर्धा ठेवली तर छाप्याला बंदी असते, ही त्यातली समाधानाची बाब.

अक्षय्य तृतीयेला दगडूशेठ हलवाई गणपतीपुढे ११,००० आंब्यांचा महानैवेद्य मांडला जातो. शहरापासून जवळच आळंदीला याहून नाजूक काम चालते. उन्हाळ्याचा दाह शमावा म्हणून ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीला पाडव्यापासून चंदनाची उटी लावतात आणि ठरावीक सणांना त्या उटीतूनच देवरूपे साकारली जातात. सहाणेवर तासन्‌तास उगाळलेले ते चंदन एका दिवसात सुकून जाते. देहूची तुकाराम बीज, फाल्गुन वद्य द्वितीयेची, त्याआधीच होऊन गेलेली असते.

एप्रिलमधल्या जयंत्या

महात्मा फुले यांचा जन्म ११ एप्रिल १८२७चा, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १४ एप्रिल १८९१चा. या दोन तारखांमधले चार दिवस पुण्यातल्या दुसऱ्या एका सांस्कृतिक वर्षाचे केंद्र असतात. गंज पेठेतल्या फुले वाड्यात आणि पुणे स्टेशनजवळच्या आंबेडकर पुतळ्यापाशी गर्दी लोटते. वस्त्यावस्त्यांत व्याख्याने, भीमगीतांच्या गायन पार्ट्या, वाचनालयांत आणि महाविद्यालयांत सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. आंबेडकर जयंती सार्वजनिकरीत्या प्रथम साजरी झाली ती पुण्यातच, १४ एप्रिल १९२८ रोजी, जनार्दन सदाशिव रणपिसे यांच्या पुढाकाराने, अशी नोंद केली जाते.

वसंत व्याख्यानमालेच्या दोनच वर्षे आधी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, याच शहरात सत्यशोधक समाज स्थापन झाला होता. लोकांसमोर बोलून त्यांना शहाणे करायचे, हा हेतू दोन्हीकडे होता. पण सत्यशोधकांनी पुढे जे माध्यम घडवले ते व्यासपीठाचे नव्हते. त्यांनी तमाशाचा साचा घेतला: गण, गवळण, बतावणी, वग. गणातला गणपती लोकांचा ‘गण-पती’ झाला, शृंगाराच्या जागी भटशाही, सावकारी आणि शिक्षण हे विषय आले. हाच जलसा. आंबेडकरी चळवळीने तो पुढे नेला आणि आजच्या गायन पार्ट्या त्याच वाटेने आल्या. पुण्याच्या वसंतात एकीकडे व्याख्यान आणि दुसरीकडे तमाशा अशी जी फाळणी वरवर दिसते, तिच्या मधोमध हा जलसा उभा आहे. त्याची वस्तू व्याख्यानाची आणि ढंग तमाशाचा. पुण्याच्या सांस्कृतिक वर्णनांत त्याला मिळणारी जागा पाहता हे ठासून सांगणे भाग आहे.

गावकीच्या जत्रा

चैत्र पौर्णिमा आणि चैत्र वद्य अष्टमी या दोन तिथींभोवती पुण्याच्या आसपासच्या गावांच्या जत्रा एकवटलेल्या असतात. दैवते बहुधा भैरवनाथ, म्हातोबा, खंडोबा किंवा एखादी डोंगरातली वाघजाई. क्रम ठरलेला: पहाटे अभिषेक आणि पोशाख, संध्याकाळी मांडवडहाळे (मांडवासाठी वाजतगाजत डहाळ्या आणणे), रात्री ढोल-लेझमीत छबिना, म्हणजे देवाच्या पालखीची मिरवणूक, दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा आखाडा. आखाड्यात पहिल्या जोड्या पोराटोरांच्या, नारळावर किंवा रेवड्यांवर लावलेल्या. ऊन उतरत जाते तशी बक्षिसाची रक्कम चढत जाते आणि शेवटची कुस्ती दिवे लागताना होते. रात्री तमाशा. नोकरीसाठी बाहेर गेलेले लोक दिवाळीला आले नाहीत तरी चालते, जत्रेला यावेच लागते. पुण्यात स्थायिक झालेल्या कोकणकरांचेही तेच. त्यांचा देव शिमग्याला पालखीतून दारी येतो, म्हणून फाल्गुनात ते एसटीच्या रांगेत असतात.

या जत्रांना लागणारे तमाशे जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात ठरतात. पाडव्याच्या आधी तिथे निरनिराळ्या फडांच्या, म्हणजे तमाशा मंडळ्यांच्या, राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी येऊन मालकांसमोर बसतात, कलावंत कोण, वग कुठला, तारीख कुठली, यावर घासाघीस होते आणि सुपारी ठरते. ज्या तिथीला पाचपन्नास गावांची जत्रा एकाच दिवशी, तिचा भाव अर्थातच चढा. फडाचे वर्षाचे गणित या थोड्या दिवसांवर बसते किंवा बिघडते. नारायणगावला ‘तमाशा पंढरी’ म्हणतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांनी ते नाव महाराष्ट्रभर नेले.

खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या तालुक्यांत जत्रेचा मान बैलगाड्याला. चढणीच्या मातीच्या धावपट्टीला ‘घाट’ म्हणतात, एका धावेला ‘बारी’. बैलांपुढे घोडी धावते आणि निकाल सेकंदांवर लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४च्या निकालाने शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधली सात-आठ वर्षे घाट ओस होते, तरी अनेक गावांनी बैल विकले नाहीत. प्राण्यांना होणाऱ्या यातनांचा आक्षेप निकालाने संपलेला नाही.

जत्रा कुठे संपते आणि शहर कुठे सुरू होते, हे आता सांगता येत नाही. महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली, त्याआधीची वेगळीच. कोथरूडचा म्हातोबा, बाणेरचा भैरवनाथ यांच्या जत्रा आज उंच इमारतींच्या मधल्या रस्त्यांवरून निघतात आणि वाहतूक वळवल्याचे फलक लागले की नव्या रहिवाशांना त्यांचा पत्ता लागतो. सगळ्यांत ठळक उदाहरण हिंजवडीचे. हनुमान जयंतीला म्हातोबाचे बगाड हिंजवडीहून वाकडला जाते. चाकांच्या गाड्यावर उंच खांब, त्यावर आडवे लाकूड, आणि त्याला पाठीत गळ टोचून घेतलेला गळकरी. गळकरी होणे हा मान आहे, त्यासाठी आधी उपास-नेम पाळावे लागतात. ज्या रस्त्याने हा गाडा माणसांच्या खांद्यांवर आणि बैलांच्या जोरावर ओढला जातो, त्याच रस्त्याने एरवी आयटी पार्कच्या बसगाड्या जातात. त्या दिवशी बसगाड्यांनी वाट बघायची असते.

२०२० साली यातले जवळजवळ काहीही झाले नाही. देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस, २५ मार्च, नेमका गुढीपाडव्याचा होता. नारायणगावच्या राहुट्या सुपाऱ्या ठरण्याच्या ऐन दिवसांत उठल्या आणि फडांचे कलावंत भाजीच्या गाड्यांवर, शेतमजुरीवर गेले. गावांनी पुजाऱ्यापुरता अभिषेक करून देव जागेवरच ठेवला. चैत्रगौरी मात्र बसल्या. पन्हे घरच्याच चार माणसांना पुरले आणि चैत्रांगणांचे फोटो मोबाइलवरून एकमेकींच्या घरी गेले.