गोगलगायीच्या पायाला भिंगरी

युरोपात जुन्या झाडांच्या खडबडीत सालीवर आणि दगडी गडग्यांच्या सांदीत एक गोगलगाय राहते. निमुळता तपकिरी शंख, उंची जेमतेम 7 ते 10 मिलिमीटर; गव्हाच्या दाण्याहून थोडी मोठी, इतकंच. नाव बालिया परव्हर्सा.

परव्हर्सा म्हणजे उलटी. जीवांच्या शास्त्रीय नामकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये ते नाव दिलं. शंखाचा कळस वर आणि तोंड आपल्याकडे धरलं, की बहुतेक गोगलगायींचं तोंड उजव्या हाताला येतं, हिचं डाव्या. गंमत अशी, की आपल्या देवघरातला दुर्मीळ ‘दक्षिणावर्ती’ शंखही जीवशास्त्राच्या हिशेबाने डावखुराच आहे. आपण कळस खाली धरून बाजू ठरवतो, म्हणून नाव उलट पडलं.

हिच्या घराण्यात बहुतेकजणी डावखुऱ्या. त्यांच्या शंखात चमच्यासारखं एक दार असतं, त्यावरून इंग्रज त्यांना दारवाल्या गोगलगायी म्हणतात. बालियाचं ते दार मात्र उत्क्रांतीत गळून गेलं. खाणं म्हणजे शेवाळ आणि दगडफूल, आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्याच जातकुळीतलं. गंधकाच्या धुराने दगडफूल मेलं, की हिचंही बस्तान उठतं.

अशी घरकोंबडी गोगलगाय समुद्र ओलांडेल? 2006 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या डीएनए अभ्यासाने ते दाखवलं. बालियाचे नातलग पोर्तुगालच्या पश्चिमेला अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर आहेत, आणि तिथून सुमारे 8,500 किलोमीटरवर, दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन दा कुन्हा बेटांवरही. एवढ्या लांबच्या बेटावरच्या म्हणून त्यांना पूर्वी वेगळ्याच प्रजातीत (जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) टाकलं होतं. डीएनएने त्या बालियाच ठरल्या. पोहून जाणं शक्य नाही. डार्विनने एका मोठ्या युरोपीय गोगलगायीला 20 दिवस समुद्राच्या पाण्यात ठेवून जिवंत बाहेर काढलं होतं, हे खरं. पण इथे संशय पक्ष्यांवर आहे. चिकट अंगाची एवढीशी गोगलगाय पिसांना चिकटली, तर पक्ष्याला पत्ताही लागणार नाही.

पण पोचून काय उपयोग, तिथे जोडीदार कुठला? इथे बालियाचा हुकमाचा एक्का. ती एकाच देहात नर आणि मादी असते, स्वतःच स्वतःचं फलन करते आणि पिल्लू जवळपास तयार होईपर्यंत अंडं पोटातच सांभाळते. एक गोगलगाय उतरली, तरी वसाहत उभी राहू शकते. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण हिला तोकडीच पडते. वर हा प्रवास एकेरी नव्हता: ट्रिस्टनकडे गेलेल्यांच्या वंशातल्या काही पुन्हा उत्तरेला परतल्या, असं त्याच डीएनएत दिसतं.