निळा पडलेला दात

चेनसॉच्या, म्हणजे यंत्रकरवतीच्या, साखळीला ग्राइंडरच्या फिरत्या चाकावर धार लावताना एखाद्या दाताच्या टोकाशी आधी वाळल्या गवतासारखा पिवळसर, मग जांभळट आणि शेवटी मोरपिशी निळा रंग चढतो. तो दिसायला सुंदर असतो, पण त्या दाताचे पाणी उतरलेले असते. पोलाद तापले की त्याच्या पृष्ठभागावर लोहाच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर जमतो, आणि साबणाच्या फुग्यावर उमटतात तसे त्या थराच्या जाडीनुसार रंग उमटतात. साधारणपणे २२० ते २३० अंश सेल्सिअसला पिवळसर आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. छिन्नीला पाणी देणारा लोहार पिढ्यान्‌पिढ्या हेच रंग पाहून काम करत आला आहे. मात्र तो हवा त्या रंगावर छिन्नी पाण्यात बुडवतो, तर ग्राइंडरवर हाच प्रवास अर्ध्या सेकंदात, नको त्या जागी आणि आपली नजर दुसरीकडे असताना उरकून जातो.

निळा पडलेला दात दोन परस्परविरुद्ध प्रकारांनी बिघडू शकतो. कारखान्यात पोलादाला ज्या तापमानावर नरम-कडकपणाचा मेळ साधून दिलेला असतो, त्यापेक्षा जास्त उष्णता लागली तर ते मऊ पडते आणि धार दोन-चार कापांत लोळते. उलट वरचा अगदी पातळ थर लाल होण्याइतका तापला आणि खालच्या थंड धातूने त्याची उष्णता झटकन ओढून घेतली, तर तो थर काचेसारखा कडक व ठिसूळ होतो. पुढच्या वेळी त्यावर कानस फिरवली तर ती नुसती घसरते. या दोन्ही दुखण्यांचे मूळ बहुतेक वेळा यंत्राच्या मांडणीत आणि चाकाच्या निगेत असते, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. ग्राइंडरवरचा दात हा चाकाच्या कडेचा ठसा असतो. चाकाची कड, तिचा कोन आणि तिची ताजी-शिळी अवस्था जशी असेल तसाच दात उतरतो.

त्या दाताची रचनाही पाहण्यासारखी आहे. १९४० च्या दशकापर्यंत साखळीचे दात हातकरवतीसारखे उभे, ओरखडे काढणारे असत आणि त्यांना धार लावणे हे किचकट काम होते. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात लाकूडतोडीचे काम करणाऱ्या जोसेफ कॉक्स यांनी १९४६ मध्ये एका ओंडक्यात भुंग्याची अळी पाहिली. ती लाकूड आडवे आणि उभे, दोन्ही दिशांनी सहज पोखरत चालली होती, कारण तिचे आकड्यासारखे वळलेले दोन जबडे आळीपाळीने डावी-उजवीकडून चावत होते. तोच आकार त्यांनी पोलादात उतरवला आणि १९४७ मध्ये तशी साखळी बाजारात आणली. आजची जवळजवळ प्रत्येक साखळी त्याच घराण्यातली आहे: एक डावा दात, एक उजवा दात, प्रत्येकाला वर आडवी पट्टी, बाजूला उभी भिंत, आणि पुढे एक छोटे कुबड, ज्याला मिस्त्री लोक रेकर म्हणतात. दाताने एका वेळी किती जाड ढलपा काढायचा, हे रेकर ठरवतो.

वरच्या पट्टीला आणि भिंतीला बाहेरून क्रोमचा पातळ मुलामा असतो. आपण घासतो ते आतले पोलाद. कापते ती क्रोम आणि पोलाद जिथे भेटतात ती रेषा. साखळी नुसती बोथट झाली असेल तर गोल कानशीचे तीन-चार हात पुरतात आणि माझ्या मते तेव्हा यंत्राकडे जाऊच नये. पण कोकणात जून २०२० च्या निसर्ग आणि मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळानंतर जशी चिखलमातीत लोळलेली झाडे कापावी लागली, तशा कामात साखळी एकदा मातीत किंवा खिळ्यावर गेली की कडेचा क्रोमच उडतो. तो शाबूत सापडेपर्यंत दात मागे घासावा लागतो, आणि हे काम ग्राइंडरचे. नेमके इथेच एका दमात जास्त धातू काढण्याचा मोह होतो आणि दात निळा पडतो.

आता चाकाकडे येऊ. या यंत्रांवर साधारणपणे १४५ मिलिमीटर व्यासाचे चाक असते. चाकाची जाडी साखळीच्या पिचवर ठरते. सलग तीन रिव्हेटांमधले अंतर मोजून त्याचे निम्मे केले की पिच मिळतो. आपल्याकडच्या वर्कशॉपांत अजून सुताचा हिशेब चालतो, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि तो इथे फार सोयीचा पडतो: तीन सूत पिचच्या मोठ्या साखळीला दीड सुती, म्हणजे ४.७ मिलिमीटरचे चाक, ०.३२५ इंच पिचच्या आणि तीन सुतीच्याच पण बुटक्या दातांच्या साखळीला एक सुती, म्हणजे ३.२ मिलिमीटरचे. रेकर उतरवायला वेगळे, जाड चाक लागते.

नेहमीचे चाक ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांचे असते, म्हणजे आपल्या ओळखीचा कुरुंदच. इंग्रजीने हे नाव आपल्याच भाषांकडून नेले आहे. हे कण भट्टीत भाजलेल्या चिनीमातीसारख्या बंधाने जोडलेले असतात, त्यामुळे मडके घेताना टिचकी मारून पाहतात तसे नवे चाक बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच वाजवून पाहावे. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर आत तडा आहे, असे चाक बसवू नये. (राळेच्या बंधाच्या चाकाला ही परीक्षा लागू पडत नाही, ते तसेही बद्दच वाजते.) चाकाच्या दोन्ही अंगांचे कागदी चकते काढू नयेत, कारण चाक दोन्हीकडून आवळणाऱ्या फ्लँजचा दाब त्यांच्यामुळे सारखा पसरतो. चाकावर छापलेली फेऱ्यांची मर्यादा मोटरच्या वेगापेक्षा जास्त असल्याची खात्री करावी, आणि बसवल्यावर कव्हर लावून, गॉगल घालून, स्वतः बाजूला उभे राहून मिनिटभर ते रिकामे फिरू द्यावे. मिनिटाला सुमारे २,८०० फेऱ्यांवर या चाकाची कड सेकंदाला २१ मीटर धावते. गंमत म्हणजे मोठ्या चेनसॉची साखळीही पूर्ण वेगात साधारण तेवढीच, ताशी ८० किलोमीटरच्या आसपास, पळत असते.

नव्या चाकाची कड चौकोनी असते. तशाच कडेने घासले तर दाताच्या मुळाशी टोकदार कोपरा पडतो आणि तिथून दात तडकण्याची भीती असते; शिवाय वरच्या पट्टीखाली हवा तो खोलगट आकार मिळत नाही. म्हणून यंत्राबरोबर आलेल्या पत्र्याच्या नमुन्याला जुळेपर्यंत ड्रेसिंगच्या, म्हणजे चाकच घासून नीट करण्याच्या, विटेने कड गोल करून घ्यावी. वीट दोन्ही हातांनी धरावी आणि चाकाला फक्त टेकवावी.

हेच ड्रेसिंग पुढेही करत राहावे लागते आणि निगेतला सर्वांत दुर्लक्षित भाग तोच आहे. घासता घासता कणांची टोके बोथटतात, मधली छिद्रे धातूच्या भुकटीने आणि साखळीवरच्या तेलाने बुजतात, आणि चाकाची कड आरशासारखी चकाकू लागते. असे चाक कापत नाही, नुसते चोळते. मोटरची शक्ती धातू काढण्याऐवजी उष्णतेत जाते. कान देऊन ऐकले तर फरक कळतो: ताजे चाक दाताला लागताच कोरडा ‘सर्र’ आवाज येतो, चकाकलेले चाक किंचाळते. तीन सूत पिचच्या, २० इंची पट्टीवर बसणाऱ्या साखळीत साधारण ३६ दात असतात. मी अशी प्रत्येक साखळी चढवण्यापूर्वी एकदा आणि अर्धे दात झाल्यावर एकदा वीट टेकवतो. त्यात चाक लवकर झिजते हे खरे, पण चाक साखळीपेक्षा स्वस्त आहे. साखळी घासण्याआधी धुऊन कोरडी करण्याचे कारणही हेच तेल.

मांडणीत तीन कोन असतात. साखळी पकडणारा व्हाइस किती अंश फिरवायचा यावर वरच्या पट्टीचा कोन ठरतो. तो बहुधा ३० अंश असतो, काही साखळ्यांना २५ किंवा ३५, आणि ओंडके उभे चिरण्याच्या साखळीला जेमतेम १०. यंत्राचे डोके, म्हणजे मोटर आणि चाकाचा भाग, किती झुकवायचे हा दुसरा कोन, साखळीनुसार ५५ किंवा ६० अंश. तिसरा कोन व्हाइसच्या कलण्याचा, काहींना शून्य तर काहींना १०. हे आकडे साखळीच्या निर्मात्याच्या तक्त्यातून घ्यावेत, यंत्रावरच्या चिकटपट्टीवर मात्र फार विश्वास ठेवू नये. साध्या कोनमापकाने एकदा तपासले की ती पट्टी किती खरी बोलते ते कळते.

कोनांपेक्षा जास्त त्रास देतो तो मध्य. व्हाइस डावीकडे ३० अंश आणि उजवीकडे ३० अंश फिरतो. त्याचा फिरण्याचा मध्य चाकाच्या नेमका खाली नसेल, तर एकाच मांडणीवर डावे दात लांब आणि उजवे आखूड उतरतात. वापरलेले यंत्र आणल्यावर माझ्या पहिल्याच साखळीत हा फरक जवळजवळ अर्धा मिलिमीटर निघाला. दोन संध्याकाळी मी कोन तपासत बसलो, आणि शेवटी सापडला तो व्हाइसच्या तळाचा ढिला बोल्ट. तेव्हापासून पहिला डावा आणि पहिला उजवा दात हलकेच घासून दोन्ही व्हर्निअरने मोजल्याशिवाय पुढे जात नाही. डोके वर-खाली होते त्या बिजागरीतही खेळ नसावा. डोके हातात धरून आडवे हलवले आणि टकटक लागली, तर कोणतीच मांडणी टिकणार नाही.

सर्वांत आखूड दात शोधून त्यावर दात अडवणारा खटका लावावा, म्हणजे बाकीचे त्याच्या लांबीला येतील. खोलीचा स्क्रू असा बसवावा की चाक दाताच्या खाचेच्या तळापर्यंत जाईल, पण खालच्या कडीला शिवणार नाही. मग चाक दाबून न धरता टेकवायचे आणि उचलायचे, टेकवायचे आणि उचलायचे. मधल्या क्षणात उष्णता मागच्या धातूत पांगते. जास्त काढायचे असेल तर सगळी साखळी एकदा फिरवून दुसरी फेरी घ्यावी. घासून झाल्यावर बाहेरच्या कडेला राहिलेली धातूची झालर कठीण लाकडाच्या तुकड्याने पाडावी, साखळी ब्रशने झाडून तेलात बुडवून ठेवावी. नाहीतर कुरुंदाचे कण रिव्हेटांत आणि साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या खोबणीत शिरून तिथेही घासकाम चालू ठेवतात.

कुरुंदाऐवजी घनाकृती (क्यूबिक) बोरॉन नायट्राइडची चाकेही मिळतात; त्यांना ड्रेसिंग लागत नाही आणि ती दात कमी तापवतात. कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल असलेला हा पदार्थ १९५७ मध्ये अमेरिकेत प्रथम तयार झाला. हिराच का नको, असे कोणी विचारेल; तर हिरा म्हणजे कार्बन, आणि तापलेले लोखंड कार्बन खाते. हिऱ्याची चाके कार्बाइड या अतिकठीण पदार्थाच्या दातांसाठीच ठीक.

यंत्राच्या रोजच्या निगेत व्हाइसच्या सरकत्या भागांवरची भुकटी कोरड्या ब्रशने काढणे आले. तिथे ग्रीस लावले तर त्यात कण अडकून तीच सहाण होते. भाजलेले चाक सच्छिद्र असते, पावसाळ्यात ओल धरते, आणि एका अंगाला ओले झालेले चाक फिरताना थरथरते, म्हणून ते काढून कोरड्या डब्यात ठेवावे. ॲल्युमिनियमचा तुकडा त्यावर कधीही घासू नये. चाक झिजून लहान झाले की खोलीचा स्क्रू पुन्हा लावावा लागतो आणि कडेचा वेगही घटलेला असतो.

वरची पट्टी मागे उतरती असल्यामुळे दात घासला की तो बुटकाही होतो, म्हणून अधूनमधून रेकर खाली घ्यावा लागतो. बहुतेक साखळ्यांत दात आणि रेकर यांच्या उंचीत सुमारे ०.६५ मिलिमीटरचा फरक ठेवतात. मग साखळी चढवून एखाद्या जाड ओंडक्यात सरळ काप घ्यावा. चेनसॉच्या बुडाशी पिठासारखा भुसा न पडता जाड ढलपे पडले, तर धार लागली आहे. आणि काप एका अंगाला वळत गेला, तर ज्या बाजूला तो वळला त्या बाजूचे दात बहुधा लांब राहिलेले असतात. अशा वेळी साखळी पुन्हा घासण्याआधी व्हाइसच्या तळाचा बोल्ट पाहावा.